चावीच्या घड्याळांचे पुनरुज्जीवन

कपाटाच्या खणात, जुनी पासबुके आणि पाकिटे यांच्या तळाशी, एखादे बंद पडलेले चावीचे मनगटी घड्याळ नाही असे मध्यमवर्गीय मराठी घर शोधून सापडणे अवघड आहे. कुणाच्या आजोबांना ते निवृत्तीच्या समारंभात मिळालेले असते, कुणाच्या वडिलांना लग्नात सासरकडून आलेले असते. सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही एकेकाळी जावयाच्या मानाची त्रयी होती. सायकल गंजून गेली, रेडिओ भंगारात गेला. घड्याळ मुठीत मावण्याइतके लहान, म्हणून तेवढे घरात राहिले.

असे घड्याळ पुष्कळदा मोडलेले नसतेच. आतील तेल वर्षानुवर्षे वाळत जाऊन डिंकासारखे घट्ट झालेले असते आणि त्यात धूळ कालवली गेलेली असते. ते उघडून, सुटे करून, धुऊन, पुन्हा जुळवून चालते करणे हा गेल्या काही वर्षांत शहरांतून चांगला रुजलेला छंद आहे. संगणक अभियंते, डॉक्टर, बँकेतले अधिकारी अशी एरवी या व्यवसायाशी काडीचा संबंध नसलेली माणसे सुटीच्या दिवशी टेबलावर पांढरा कागद पसरून, डोळ्याला आयग्लास लावून बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा सारा हस्तकौशल्याचा मामला वाटतो. कौशल्य तर लागतेच. पण कशाला हात लावायचा आणि काय आहे तसेच राहू द्यायचे, याचा निर्णय त्याहून कठीण असतो. बंद घड्याळ चालू करणे, त्याला मूळ रूपाच्या जवळ नेणे आणि त्याला नवे भासवणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन गोष्टींना दुरुस्ती आणि पुनरुज्जीवन म्हणता येईल. तिसरीने भारतातील जुन्या घड्याळांचे जेवढे नुकसान केले, तेवढे गंजानेही केले नसेल.

सोवारपासून जनतापर्यंत

भारतात सापडणारी जुनी मनगटी घड्याळे ढोबळमानाने दोन प्रकारची. पहिला प्रकार स्विस घड्याळांचा. १७३७ पासूनचा वारसा सांगणारी फावर-ल्युबा ही कंपनी १८६५ मध्ये मुंबईत आली आणि तिची 'सी चीफ', 'सी किंग' ही घड्याळे पुढे भारतीय मनगटांवर दिसत राहिली. १८८६ पासून नाव कमावलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीने तर आपला व्यापारच मुख्यत्वे भारत आणि त्याच्या पश्चिमेकडील देशांसाठी उभारला. तिचे सर्वांत गाजलेले घड्याळ 'सोवार'. हे नाव म्हणजे आपल्या 'स्वार' या शब्दाचेच इंग्रजी वळणाचे रूप.

दुसरा प्रकार स्वदेशी. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी घड्याळ ही चैनीची, बरेचदा चोरट्या मार्गाने येणारी वस्तू झाली. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. पहिली घड्याळे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बाहेर पडली. 'जनता', 'पायलट', 'जवान', 'सोना', 'कोहिनूर', 'कांचन' अशी नावे त्यानंतर घरोघरी परिचयाची झाली. 'जनता'च्या काही तबकड्यांवर नाव आणि आकडेही देवनागरीत छापलेले असत. संग्राहक आज अशा तबकड्या मुद्दाम शोधत फिरतात. बंगळूरनंतर तुमकूर, श्रीनगर आणि उत्तराखंडातील रानीबाग येथेही कंपनीचे घड्याळ कारखाने उभे राहिले.

जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी 'अॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरले. भारतात हा बदल खऱ्या अर्थाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, टायटन आल्यावर जाणवला. एचएमटीची घसरण लांबत गेली. एचएमटी वॉचेस ही उपकंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मान्यता दिली. छंदाच्या दृष्टीने या तारखेला विशेष महत्त्व आहे. त्या दिवसापासून या घड्याळांच्या सुट्या भागांचा साठा केवळ कमी होत जाणार, हे ठरून गेले.

सेकंदाला पाच ठोके

नवशिक्याने पहिले घड्याळ कोणते उघडावे, याबद्दल जाणकारांत दोन मते आहेत. एक पक्ष खिशातल्या घड्याळासाठी बनवलेल्या 'युनिटास' जातीच्या मोठ्या स्विस यंत्राची, म्हणजे आजच्या ईटीए ६४९७ किंवा ६४९८ ची, शिफारस करतो. ३६.६ मिलिमीटर व्यासाच्या त्या यंत्रातील भाग मोठे, ठळक आणि हाताळण्यास सोपे असतात. त्याच्या स्वस्त चिनी प्रतिकृतीही मिळतात. दुसरा पक्ष सरळ 'जनता'कडे बोट दाखवतो. तिच्यातील ०२३१ क्रमांकाचे यंत्र सिटिझनच्या आराखड्यावर बेतलेले, साधे, मजबूत आणि दणकट आहे. तारखेची भानगड नाही, आपोआप चावी भरणारा भाग नाही. भारतात राहणाऱ्याने दुसऱ्या पक्षाचे ऐकावे हे बरे, कारण चुकून एखादा भाग हरवला तर त्याच जातीचे दुसरे यंत्र मिळण्याची शक्यता इथेच अधिक.

यंत्राचे तत्त्व समजायला फार वेळ लागत नाही. चावी दिली की बॅरल नावाच्या चपट्या डबीतील मुख्य कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना मिळणारी शक्ती चार चक्रांच्या मालिकेतून पुढे जाते. मधले चक्र तासाला एक फेरी पुरे करते, सेकंद काट्याचे चक्र मिनिटाला एक. शक्ती अशीच मोकळी सोडली तर कमान काही क्षणांत उलगडून जाईल. म्हणून मालिकेच्या शेवटी एक अडसर असतो. पंधरा दात्यांचे एस्केप चक्र, त्याला आळीपाळीने अडवणारा आणि सोडणारा पॅलेट नावाचा दुशाखी तुकडा आणि त्या तुकड्याला दर झोक्याला धक्का देऊन स्वतःही धक्का घेणारे बॅलन्स चाक. बॅलन्सला एका लयीत मागे-पुढे फिरवते ती केसाहून बारीक हेअरस्प्रिंग. ही युक्ती डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्स याने १६७५ मध्ये घड्याळात आणली आणि साडेतीन शतकांनंतरही तिच्या मूळ तत्त्वात बदल झालेला नाही.

'जनता'चा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला ४ लाख ३२ हजार, वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. रोज ३० सेकंद मागे पडणाऱ्या घड्याळाला आपण बिघडलेले म्हणतो. पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ३० म्हणजे हजारात एकाचाही तिसरा हिस्साच जेमतेम. एवढ्या अचूकतेसाठी आसांची टोके ज्या भोकांत फिरतात ती झिजता कामा नयेत. त्यासाठीच तबकडीवर अभिमानाने छापलेली ती '१७ ज्वेल्स' असतात. बॅलन्सची चार, त्याच्या धक्क्याचे एक, पॅलेटच्या दोन शाखांची दोन, त्याच्या आसाची दोन आणि एस्केप चक्र, चौथे, तिसरे व मधले चक्र यांची प्रत्येकी दोन, अशी ती सतरा भरतात. ही माणके कृत्रिम असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नॉय याने १९०२ मध्ये ज्योतीत माणिक बनवण्याची रीत जाहीर केल्यापासून ती स्वस्त झाली. 'घड्याळात खरे माणिक आहे, तोडून विकता येईल' या समजुतीपायी अनेक चांगली यंत्रे निष्कारण फोडली गेली.

उघडण्यापूर्वी

हत्यारे मोजकीच लागतात, पण ती चांगली हवीत. आयग्लास, दोन-तीन बारीक टोकांचे चिमटे, साधारण ०.६ ते २ मिलिमीटर पात्यांचे स्क्रू ड्रायव्हर, यंत्र धरण्याचा साचा, काटे उचलण्याचे तरफे, तेल लावण्याच्या सुया, फुंकणी आणि झाकणाची छोटी डबडी. स्क्रू ड्रायव्हरचे पाते स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसेल असे दगडावर घासून घ्यावे लागते. सैल पाते निसटते आणि पुलाच्या चकचकीत पृष्ठभागावर कायमचा ओरखडा उठवून जाते. एखादे यंत्र यापूर्वी कोणाच्या हाताखालून गेले आहे हे ओळखायचे असेल, तर आधी स्क्रूंच्या खाचा पाहाव्यात. त्या फाटलेल्या असतील तर आत आणखी काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज येतो.

मागचे झाकण उघडल्यावर पहिले काम कमानीचा ताण उतरवण्याचे. चावी बोटांत घट्ट धरायची, अडणीला हळूच बाजूला करायचे आणि चावी बोटांत फिरत फिरत मोकळी होऊ द्यायची. ही पायरी विसरून कोणी चक्रांवरचा पूल उचलला, तर साठलेली शक्ती एका क्षणात सुटते आणि चक्रांचे दाते किंवा आसाची टोके मोडून पडतात. काटे काढताना तबकडीवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायचा. मग बॅलन्स, मग पॅलेट, मग चक्रे. प्रत्येक पायरीला छायाचित्र घेणे हे आज मोबाइलमुळे सोपे झाले आहे. पूर्वीचे कारागीर हे सारे डोक्यात ठेवत.

एक सापळा मात्र छायाचित्रातही दिसत नाही. चावीजवळच्या छोट्या चक्राचा स्क्रू अनेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो. काही उत्पादक त्याच्या डोक्यावर एकाऐवजी तीन खाचा पाडून तशी सूचना देतात, काही देत नाहीत. नेहमीच्या दिशेने जोर लावला की त्याचे डोके तुटून हातात येते. दुसरा सापळा उडणाऱ्या स्प्रिंगांचा. अडणीची स्प्रिंग चिमट्यातून निसटली तर फरशीवर ती सापडणे केवळ नशिबाचा भाग असतो. अनुभवी लोक असा भाग पारदर्शक पिशवीत हात घालून काढतात, ही युक्ती पहिल्याच दिवशी शिकण्यासारखी आहे.

धुणे आणि तेल

भारतातील घड्याळवाले परंपरेने पांढऱ्या पेट्रोलमध्ये यंत्र धुतात. आता अल्ट्रासोनिक यंत्रे आणि खास द्रावणे मिळतात. पण माणकांच्या भोकांतला वाळलेला तेलाचा थर काढायला टोकदार केलेली मऊ लाकडी काडी अजूनही सर्वांत उपयुक्त ठरते. काडी भोकात फिरवायची, काळी झाली की टोक पुन्हा तासायचे, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. कंटाळवाणे काम आहे, आणि घाईत नेमके तेच टाळले जाते.

इथे एक धोका आहे. पॅलेटच्या दोन शाखांमधली माणके आणि बॅलन्सखालचे माणिक लाखेने चिकटवलेले असते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. स्वच्छ आणि लवकर सुकणारे म्हणून कोणी पॅलेट अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवला, तर थोड्या वेळाने माणके सुटी होऊन तळाशी पडलेली दिसतात आणि ती पुन्हा शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने बसवणे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. स्विस घड्याळांच्या काळजात झारखंडच्या जंगलासारख्या प्रदेशातून निघणारी लाख बसलेली आहे, ही गंमत मात्र लक्षात ठेवण्याजोगी.

तेलाचे शास्त्र स्वतंत्र आहे. एके काळी उत्तम घड्याळी तेल डॉल्फिनच्या जातीच्या सागरी सस्तन प्राण्यांच्या जबड्यातून काढले जाई. अमेरिकेतील न्यू बेडफर्ड हे बंदर त्यासाठी प्रसिद्ध होते. आज कृत्रिम तेले वापरतात. वेगाने फिरणाऱ्या, कमी दाबाच्या टोकांना पातळ तेल, हळू फिरणाऱ्या, जास्त दाबाच्या भागांना दाट तेल, चावीच्या दांड्याला ग्रीस. पॅलेटच्या आसाला तेल लावायचेच नाही, हे सांगूनही नवशिक्याला पटत नाही. माणकाच्या वाटीत निम्म्याहून थोडे अधिक भरेल एवढाच थेंब पुरतो. जास्त झालेले तेल एका जागी थांबत नाही. ते पसरते, हेअरस्प्रिंगवर चढते, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला काही मिनिटे पुढे धावू लागते. हेच लक्षण हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आल्यावरही दिसते. ध्वनिक्षेपक आणि पर्सच्या चुंबकी बटणांच्या शेजारी राहिलेल्या घड्याळांत ते हमखास आढळते. चुंबकत्व घालवणाऱ्या छोट्या उपकरणाने ते क्षणात जाते. म्हणून पुढे धावणारे घड्याळ उघडण्यापूर्वी आधी हा उपाय करावा.

जुळणी झाल्यावर परीक्षा घेते ते टाइमग्राफर. ठोक्यांचा आवाज मायक्रोफोनने टिपून घड्याळ दिवसाला किती पुढे-मागे जाईल, बॅलन्स किती अंशांत झुलतो आणि दोन्ही बाजूंचे झोके सारखे आहेत का, हे ते पडद्यावर दाखवते. पूर्वी फक्त मोठ्या कार्यशाळांत असणारे हे उपकरण चिनी बनावटीमुळे हौशी माणसाच्या टेबलावर आले, आणि या छंदाच्या प्रसारामागचे ते एक मोठे कारण आहे. नुकत्याच साफ केलेल्या, पूर्ण चावी दिलेल्या आणि आडव्या ठेवलेल्या घड्याळाचा झोका २७० ते ३०० अंशांत असेल तर काम उत्तम. २०० च्या खाली असेल तर बहुधा कमान थकलेली असते किंवा कुठेतरी घाण राहिलेली असते. काटे मागे-पुढे सरकवून वेळ जुळवण्याच्या नादात या आकड्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे ताप न पाहता रुग्णाला पावडर लावण्यासारखे आहे.

तबकडीचा प्रश्न

यंत्र उघडता येऊ लागले की नवशिक्याची नजर डागाळलेल्या तबकडीकडे वळते. पिवळट पडलेली लाखी, चार ठिपके, उडालेला रंग. कापसाने हलकेच पुसले तर? या मोहाने जेवढ्या तबकड्या संपल्या, तेवढ्या पाण्याने संपल्या नसतील. छपाईची अक्षरे आणि खालचा रंग यांवरचा संरक्षक थर वयानुसार ठिसूळ झालेला असतो. ओला कापूस लागताच 'स्विस मेड' ही अक्षरे कापसावर येतात. तबकडीवर फुंकणी मारावी, सुटी धूळ काढावी आणि तिथेच थांबावे, असे जाणकार सांगतात.

परदेशांतील संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि तो कौतुकाने वापरला जात नाही. भारतातून, विशेषतः मुंबईतून, विक्रीला गेलेली, नव्या रंगाच्या भडक तबकडीची, तीन-चार घड्याळांचे भाग एकत्र करून बनवलेली घड्याळे असा त्याचा अर्थ. चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटपासून इंटरनेटवरच्या लिलावांपर्यंत अशी घड्याळे विपुल आहेत. निळ्या, नारिंगी, हिरव्या तबकड्यांवर नामांकित स्विस कंपन्यांची नावे झळकतात. त्या कंपन्यांनी तशी तबकडी कधी बनवलेलीच नसते. एचएमटीची मागणी वाढल्यावर 'पायलट'च्याही नव्याने रंगवलेल्या काळ्या तबकड्या बाजारात भरपूर आल्या.

या कारागिरीचा सरसकट धिक्कार करणे मात्र अन्यायाचे ठरेल. आयात बंद, भाग मिळत नाहीत आणि गिऱ्हाइकाला घड्याळ रोज मनगटावर घालायचे आहे, अशा काळात ती वाढली. डागाळलेली तबकडी पुन्हा रंगवून देणारा माणूस गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरूनच तसे करी. ज्याला घड्याळ म्हणजे वेळ पाहण्याचे साधन, त्याला जुन्या रंगाचे कौतुक असण्याचे कारण नव्हते. हाताने तबकडी रंगवून त्यावर बारीक अक्षरे छापण्याचे कसब सोपे नाही. अडचण सुरू होते ती हे रंगकाम लपवून 'मूळ, न वापरलेले' म्हणून विकले जाते तिथे. खरेदीदार फसतो हे एक झाले. त्याहून मोठे नुकसान असे, की ज्या तबकडीवर नवा रंग चढतो तिची मूळ छपाई आधी खरवडून काढलेली असते. ती परत आणता येत नाही.

रंगवलेली तबकडी ओळखण्याच्या खुणा आहेत. मिनिटांच्या रेषांची लांबी आणि अंतर असमान असते. अक्षरे जाड, कडा फुगलेल्या. सहाच्या आकड्याखालचे 'स्विस मेड' गायब असते किंवा कडेला कापले गेलेले असते. सेकंदाची छोटी तबकडी असेल तर तिची वर्तुळे केंद्रापासून सरकलेली दिसतात. काटे आणि मिनिटांचे वर्तुळ यांचे माप जमत नाही. शेवटी, पन्नास वर्षांच्या डबीवर ओरखडे आहेत आणि आतली तबकडी मात्र काल छापल्यासारखी कोरी आहे, हेही पुरेसे बोलके असते. डबीलाही हेच लागू पडते. त्या काळातील पुष्कळ स्वस्त घड्याळांच्या डब्या पितळेच्या आणि वर क्रोमचा मुलामा दिलेल्या असत. पॉलिशच्या चाकावर त्या धरल्या की मुलामा जाऊन पिवळे पितळ डोकावते, आणि पोलादी डबीच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात.

काळोखात चमकणारे आकडे

चमकणाऱ्या आकड्यांच्या बाबतीत 'हात लावू नये' हा सल्ला केवळ सौंदर्याचा राहत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत अनेक घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियममिश्रित रंग लावला जाई. अमेरिकेतील न्यू जर्सी आणि इलिनॉय येथील कारखान्यांत तरुण मुली कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करत हा रंग भरत. त्यांतील अनेकींचे जबड्याचे हाड सडले, काहींचा मृत्यू झाला. त्यांचा न्यायालयीन लढा १९२० च्या दशकात जगभर गाजला.

असे घड्याळ आज अंधारात चमकत नाही, म्हणून ते निरुपद्रवी झाले असे पुष्कळांना वाटते. तो गैरसमज आहे. चमकणारा पदार्थ, म्हणजे झिंक सल्फाइड, मार खाऊन निकामी झालेला असतो. रेडियम जिथल्या तिथे असते, कारण त्याचे अर्धे आयुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. काच आणि झाकण बंद असलेले घड्याळ अधूनमधून हाताळण्यात फारसा धोका नाही. धोका आहे तो वाळून भुकटी झालेला रंग खरवडण्यात, फुंकरीने उडवण्यात आणि श्वासावाटे किंवा बोटांवाटे तो पोटात जाण्यात. तपकिरी, जळकट रंगाचे जाड आकडे दिसले तर हौशी माणसाने तबकडी तशीच ठेवावी; जेवणाच्या टेबलावर असे घड्याळ उघडू नये, आणि इतर प्रकारच्या तबकड्यांसाठी सांगितलेली फुंकणीही इथे वापरू नये. पुढच्या काळातील घड्याळांत ट्रिटियम आले. तबकडीच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना असलेले 'टी' हे अक्षर त्याची खूण. ट्रिटियमचे अर्धे आयुष्य सुमारे १२.३ वर्षे, त्यामुळे त्याची मात्रा आता बरीच ओसरली आहे.

एका घड्याळासाठी दुसरे

सुटे भाग हा या छंदाचा सर्वांत अवघड भाग आहे. काच, कमान, चावीचा दांडा अशा काही गोष्टी मापाने मिळतात किंवा बनवून घेता येतात. पूर्वीच्या निळ्या पोलादी कमानी तुटत असत. त्यांच्या जागी मिश्रधातूची कमान घालणे हा असा बदल आहे ज्याला कडवा परंपरावादीही हरकत घेत नाही. बॅलन्सचा आस मोडला असेल तर गोष्ट वेगळी. त्याचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड असते आणि नवा आस बसवायला लेथ व बरीच वर्षे मुरलेला हात लागतो. 'पॅराशॉक' किंवा 'इन्काब्लॉक'सारखी धक्का शोषणारी रचना असलेल्या घड्याळांत हा अपघात क्वचित होतो. त्याआधीच्या घड्याळांत हातातून एकदा निसटणेही पुरेसे असे.

मग उरतो तो एकच मार्ग: त्याच जातीचे दुसरे बंद घड्याळ विकत घेणे आणि त्याचे भाग वापरणे. यातला पेच उघड आहे. दोन घड्याळांतून एक चालू होते आणि दुसरे कायमचे संपते. कारखाना बंद झालेल्या एचएमटीच्या बाबतीत ही वजाबाकी भरून निघण्याचा संभव नाही. म्हणून गंभीर छंदिष्ट काही संकेत पाळतात. ज्या घड्याळाची तबकडी मूळ आणि चांगली आहे, त्याला भागांसाठी हात लावत नाहीत. रंगवलेल्या तबकडीची, डबी झिजलेली, बाजारात कवडीमोल ठरलेली 'मुंबई स्पेशल' घड्याळे मात्र आनंदाने विकत घेतात, कारण त्यांच्या आत बहुधा अस्सल यंत्र असते. ज्या घड्याळांना जगाने नाक मुरडले, त्यांच्यावरच आता उरलेल्या घड्याळांचे आयुष्य अवलंबून आहे.

शिकण्याची साधने पूर्वीपेक्षा सोपी झाली आहेत. डोनाल्ड द कार्ल यांचे घड्याळदुरुस्तीवरचे पुस्तक आणि जॉर्ज डॅनियल्स यांचा १९८१ मधील 'वॉचमेकिंग' हा ग्रंथ आजही प्रमाण मानले जातात. १८५८ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश हॉरोलॉजिकल इन्स्टिट्यूट पत्राद्वारे अभ्यासक्रम चालवत आली आहे. यांत्रिक घड्याळे घडवण्याच्या कलेला युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या संयुक्त प्रस्तावावरून मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. भारतात मात्र हे ज्ञान गल्लीतल्या काचेच्या छोट्या पेटीमागे बसणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांकडे आहे. त्यांचे हात थरथरू लागले आहेत आणि त्यांची मुले बहुधा बॅटरी बदलण्याच्या किंवा मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात गेली आहेत. ज्या हौशी माणसाला अशा एखाद्या कारागिराशेजारी स्टूल टाकून बसायला मिळते, त्याला कोणत्याही पुस्तकाची फारशी गरज उरत नाही. हेअरस्प्रिंगचे वाकलेले वेटोळे दोन चिमट्यांनी सरळ करणे हे वाचून येत नाही.

जुन्या घड्याळाच्या मागच्या झाकणाची आतली बाजू भिंगाखाली पाहिली, तर तिथे सुईने कोरलेली बारीक अक्षरे आणि आकडे आढळतात. ज्या ज्या कारागिराने ते उघडले, त्याने आपली खूण आणि कधी तारीखही तिथे टाकलेली असते. एखाद्या झाकणावर अशा सात-आठ खुणा असतात, दोन खुणांमध्ये कधी तीन वर्षांचे अंतर, कधी वीस. घड्याळ किती काळ वापरात होते आणि केव्हा खणात गेले, हे त्यावरून बरेचसे उलगडते. नवे छंदिष्ट सहसा झाकणावर कोरत नाहीत. काय काढले, कोणता भाग बदलला आणि तो कोणत्या घड्याळातून आला, हे ते एका चिठ्ठीवर लिहून घड्याळाच्या डब्यात ठेवतात. बदललेला जुना भागही त्याच डब्यात, कागदाच्या पुडीत, जपून ठेवलेला असतो.